बैठकीच्या पलीकडले घर

दसऱ्याचे सोने वाटून झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग एकदम पालटतो. श्रावणात उपासाचे पदार्थ आणि भाद्रपदात मखराची आरास विचारणाऱ्या भगिनी आता पडद्यांविषयी विचारू लागतात. भिंती फिक्या पिवळ्या असतील तर पडदे कोणते घ्यावेत? कोचाच्या अभ्र्यांना झालर शोभेल का? शोकेसमधल्या बाहुल्या काढून तिथे पितळी समया मांडल्या तर कसे दिसेल? मी या पत्रांना वर्षानुवर्षे उत्तरे देत आले आहे आणि मनापासून देत आले आहे. दिवाळीत चार माणसे घरी येतात, त्यांना आपले घर नीटनेटके दिसावे, ही हौस काही वाईट नव्हे. पण यंदा पडद्यांची पत्रे थोडी बाजूला ठेवते. त्याला कारण घडले ते माझ्याच घरात, आणि सांगताना अजूनही जीभ थोडी अडखळते.

आमच्या मामंजींच्या थोरल्या बहीण वाईला असतात. घरातले लहानथोर सगळेच त्यांना ‘वाईच्या आत्या’ म्हणतात. वय एक्याऐंशी, पण काठी हातात धरायला अजून राजी नाहीत. सासूबाई गेल्यापासून घरात वडीलधारे बायकामाणूस असे कुणी उरले नाही, म्हणून 2023 च्या दिवाळीला मी आग्रहाने त्यांना बोलावून घेतले. वसुबारसेला यायचे ते तुळशीचे लग्न लावूनच परत जायचे, असे ठरले होते. मी महिनाभर आधीपासून कामाला लागले. बैठकीची खोली रंगवली, पडदे नवे केले, दिवाणावर सोलापुरी चादर घातली, दाराशी आकाशकंदील तर असा लावला की रस्त्यावरून जाणाऱ्याने वर बघावे.

आत्या आल्या. फराळाची तारीफ झाली, भाचेसुनांची विचारपूस झाली, भाऊबीजेला एक्याऐंशी वर्षांच्या बहिणीने शहात्तर वर्षांच्या भावाला ओवाळले आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. आणि त्याच दुपारी आत्यांनी पिशवी भरली. “तुळशीचं लग्न पुढच्या वर्षी बघू गं. घर बंद आहे, मांजर उपाशी असेल.” मांजराचे मला तोवर ठाऊक नव्हते. मी खूप आग्रह केला, यांनी केला, मामंजी तर रुसूनच बसले. पण आत्या वाईच्या गाडीत बसल्या त्या बसल्याच.

त्यांच्या मुक्कामात एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती, पण मनाने घेतली नव्हती. दुपारी चारनंतर त्या काही पीत नसत. चहा पुढे केला की म्हणत, “हल्ली सोसत नाही.” ताक दिले तर “सर्दी होते.” उशाशी तांब्याभांडे भरून ठेवलेले सकाळी जसेच्या तसे. मी आपली समजत होते, म्हातारपण, दुसरे काय!

पंधरा दिवसांनी त्यांच्या नातसुनेचा फोन आला. “काकू, रागावू नका, पण सांगते. आजी आठ दिवस तापाने आजारी होत्या. लघवीचा त्रास. डॉक्टर म्हणाले, पाणी फार कमी पोटात गेलंय आणि लघवी तुंबवून धरलीय. आजी मला म्हणाल्या, पुण्याच्या घरी रात्री उठायची भीती वाटते. अंधार असतो, दिव्याचं बटण सापडत नाही आणि मोरीची पायरी उंच आहे. कुणाला रोज उठवायचं? म्हणून दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही.”

फोन ठेवला आणि मी त्या नव्या पडद्यांकडे बघत बसले.

त्या आठवड्यात मी ठरवले, एक रात्र आपल्याच घरी पाहुणी व्हायचे. हातात प्रवासाची पिशवी घेतली, बैठकीतल्या दिवाणावर अंथरूण घातले आणि घरातल्यांना सांगितले की आज मी इथे पहिल्यांदाच आले आहे असे समजा. हे म्हणाले, “मग उद्या सकाळी स्टेशनवर पोचवायला येऊ का?” मी लक्ष दिले नाही. तुम्हालाही सांगते, ही परीक्षा एकदा जरूर करून बघा. चष्मा लागत असेल तर तो काढून ठेवा. वडीलधाऱ्या माणसांना रात्री जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसायला हवे.

पहिली फजिती पिशवीची. ती ठेवायची कुठे? कोचावर ठेवली तर बसायला जागा नाही, कपाटे आमच्याच कपड्यांनी भरलेली, म्हणून जमिनीवर ठेवली आणि पाच मिनिटांत तिलाच अडखळले. दुसरी फजिती लुगड्याची. अंगावरची साडी बदलून ठेवायला अख्ख्या खोलीत एक खुंटी नाही! आत्या चार दिवस आपली नऊवारी घडी करून उशाखाली ठेवत होत्या ते मला आता उमगले. खरी गंमत रात्री दोन वाजता झाली. दिवाणावरून उठले आणि पॅसेजच्या दिव्याचे बटण चाचपू लागले. ते बटण आहे पॅसेजच्या पार पलीकडच्या टोकाला, आमच्या झोपण्याच्या खोलीच्या दाराशी. म्हणजे दिवा लावायचा तर आधी अंधारातून सगळा पॅसेज ओलांडायचा! पंधरा वर्षे या घरात राहून हे मला कधी खटकले नाही, कारण आम्ही येतो ते बटणाच्या बाजूने. पॅसेजमध्ये धाकट्याचे क्रिकेटचे साहित्य, रद्दीचा गठ्ठा आणि इस्त्रीचे टेबल. त्यातून वाट काढून न्हाणीघरापाशी आले आणि त्या पायरीला पायाचे बोट ठेचले.

सकाळी पट्टी घेऊन मोजली. साडेआठ इंच. घरातल्या जिन्याची पायरी 190 मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, यापेक्षा उंच असू नये असे आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत म्हटले आहे. आणि तीही जिन्यावर, जिथे धरायला कठडा असतो. इथे ना कठडा, ना उजेड, आणि वर जाताच ओली फरशी. ही पायरी का असते ते मिस्त्रीने मला समजावले. नव्या इमारतींत न्हाणीघराखालचा स्लॅबच खोलगट घालतात आणि नळ-सांडपाण्याचे सगळे काम त्या खड्ड्यात लपवतात. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत स्लॅब सरळ आहे, म्हणून पाइप आणि भांडे स्लॅबवर मांडून भोवती भराव घातला आणि त्यावर फरशी. झाले, न्हाणीघर घरापेक्षा वर उचलले गेले. तुमच्या घरी अशी पायरी असेल तर ती काढता येणार नाही. तिची सोय मात्र करता येते.

यांनी पहिल्या झटक्यात सुचवले की पायरीपुढे एक लाकडी पाट ठेवावा. मी तो ठेवूनही पाहिला. पाटाच्या कडेवर पाय पडला की तो पालथा होतो आणि ओल्या पायाखाली सरकतो. कृपा करून कुणी पाट, चौरंग किंवा वीट ठेवू नका. त्याऐवजी मिस्त्रीकडून पक्की अर्धी पायरी बांधून घेतली. दोन्ही चढ सारखे, सव्वाचार-सव्वाचार इंचांचे. आणि पायरी एवढी रुंद की अख्खे पाऊल मावावे, टाच बाहेर लोंबू नये. वरची फरशी खरखरीत निवडली आणि कडेला पिवळी पट्टी बसवली. फरशी आणि पायरी दोन्ही एकाच करड्या रंगाच्या असल्या की अंधुक डोळ्यांना कड कळतच नाही. ती पट्टी मामंजींना प्रथम आवडली नाही. “रेल्वे फलाट केलात की काय घराचा!” म्हणाले. आता तेच येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

धरायचे दांडे हा यातला सर्वांत महत्त्वाचा खर्च, आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा. आपण समजतो, टॉवेलची दांडी आहे की! पण टॉवेलची दांडी टॉवेल सांभाळायला असते. पाय घसरलेल्या माणसाने तिला धरले तर दांडी आणि माणूस दोन्ही खाली येतात. नळाचेही तेच. आधाराचा दांडा वेगळा मिळतो, जाड स्टीलचा, आणि तो विटांच्या पक्क्या भिंतीत खोल फास्टनर घालून बसवावा लागतो. नुसत्या टाइलवर चिकटवलेला किंवा रबरी वाटीने बसवलेला दांडा घेऊ नका. एक दांडा दाराच्या चौकटीशी, पायरी चढताना हाताला येईल असा. दुसरा कमोडच्या बाजूला. तिसरा अंघोळीच्या जागी. उंची पुस्तकातून घेतली नाही. मामंजींना उभे केले, खुर्चीवर बसवले, उठवले, आणि त्यांचा हात सहज जिथे गेला तिथे खडूची खूण केली. सर्वसाधारण कमरेच्या आसपास ती येते.

दाराच्या कडीविषयीही लिहिले पाहिजे. पावसाळ्यात दार फुगते आणि कडी अशी बसते की आतल्या माणसाला घाम फुटावा. आत्यांना त्या कडीची धास्तीच होती. शिवाय आमचे दार आत उघडते. आत कोणी पडले आणि दाराला टेकून पडले, तर बाहेरच्यांनी काय करावे? आम्ही दार रंधून घेतले, कडी काढली आणि बाहेरूनही नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवून उघडता येते असे कुलूप बसवले. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे की कडी लावायची नाही, आत गेल्यावर बाहेरच्या खुंटीला पंचा अडकवायचा. आमच्या घरी आता पंचा दिसला की कोणी फिरकत नाही.

दिव्याचे काम इतके स्वस्त झाले की मला माझीच लाज वाटली. पूर्वी घरोघरी रात्री ‘झीरो’चा बल्ब असे. नाव झीरो, पण तो जळायचा पंधरा वॅटच्या आसपास. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा बारीक खप उमटतच नसे, म्हणून लोकांना वाटे, फुकट जळतो. आता एलईडीचा रात्रदिवा अर्ध्या वॅटचा मिळतो. रोज बारा तास जळला तरी महिन्याला पाव युनिटसुद्धा होत नाही. हे गणित मी कागदावर मांडून यांना दाखवले, कारण विजेच्या बिलावर आमच्या घरी दर महिन्याला परिसंवाद होतो. एक रात्रदिवा दिवाणाजवळ, एक न्हाणीघराच्या दाराशी. आणि पॅसेजला दुहेरी बटण करून घेतले, जिन्याला असते तसे, दोन्ही टोकांनी दिवा लावता-विझवता येईल असे. वायरमनचे अर्ध्या दिवसाचे काम. न्हाणीघरात साठच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी आला. उजेड तेवढाच किंवा कांकणभर अधिक.

आता जे सांगणार आहे ते आत्यांच्या पायरीपेक्षाही गंभीर आहे, आणि ते त्याच वायरमनने दाखवले म्हणून मला कळले.

आमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर होता. वर छोटी झडपांची खिडकी आहे, ती डक्टमध्ये उघडते. पुण्यात राहणाऱ्यांना कबुतरांविषयी सांगायला नको. त्यांच्या उपद्रवाला कंटाळून आम्ही ती खिडकी पुठ्ठ्याने बंद केली होती. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारपासून आमच्याकडे अंघोळींची रांग लागली. तेल, उटणे, कढत पाणी, बाहेर मुलांचे फटाके. दार बंद, खिडकी बंद, एकामागून एक सात माणसे. सहाव्या नंबरला माझी पुतणी होती. ती बाहेर आली ती भिंत धरून. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. आम्ही म्हटले, पोर रात्रभर जागली आहे, पोटात काही नाही. हातावर साखर ठेवली, खिडकीशी बसवले, तासाभरात बरे वाटले. कोणाच्याही मनात दुसरी शंका आली नाही.

वायरमनने पुठ्ठा पाहिला आणि हातातले काम टाकून मला विचारले, “ताई, याच्यात अंघोळ करता तुम्ही?” गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या लहान खोलीत ती पुरेनाशी झाली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. प्रथम डोके जड होते, मग मळमळ, मग चक्कर, आणि माणूस तिथेच बसला तर शुद्ध जाते. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो. सहावी अंघोळ पहिल्या अंघोळीपेक्षा धोक्याची असते, कारण आधीच्या पाचांनी खोलीतली हवा खाल्लेली असते.

आम्ही गीझर काढून ड्राय बाल्कनीत मोकळ्या हवेत लावला आणि गरम पाण्याचा पाइप आत घेतला. पुठ्ठा फेकून खिडकीला जाळी बसवली. कबुतरे बाहेर राहिली, हवा आत आली. ज्यांना हे या दिवाळीआधी शक्य नाही, त्यांनी बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, दार पाच मिनिटे सताड उघडे ठेवावे आणि मगच अंघोळीला बसावे. प्रत्येक अंघोळीला हेच. पण हा तात्पुरता उपाय झाला. आणि कोणी डोके दुखते म्हणत न्हाणीघरातून बाहेर आले तर साखर नंतर द्या. आधी त्याला मोकळ्या हवेत न्या, आत अजून कोणी आहे का ते पाहा आणि डॉक्टरांना कळवा.

अभ्यंगस्नानाचे तेलही पायांखालीच येते. ते अंगाला चोळताना फरशीवर सांडते, उटण्याचा राप त्यात मिसळतो, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाला ती फरशी बर्फासारखी होते. आमच्याकडे आता तेल लावण्याचा कार्यक्रम बाहेर पाटावर होतो, खाली जुनी सतरंजी घालून, आणि दर अंघोळीनंतर फरशीवर साबणाचे कढत पाणी टाकून खराटा मारायचा. हे काम पुरुषमंडळींकडे दिले आहे. त्यांना खराटा मारताना पाहून आत्यांना जो आनंद झाला तो फराळानेही झाला नसता.

मोरी घासण्याविषयी दोनच गोष्टी, पण त्या विसरू नका. दिवाळीच्या साफसफाईत फरशीवरचे पांढरे डाग काढायला आपण ॲसिड आणतो. फरशी शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी असेल तर ॲसिड डागाबरोबर दगडही खाते, कारण हे सगळे चुन्याच्याच जातीचे दगड. लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा त्यावर नको. नळावरचे क्षार मात्र व्हिनेगरचे फडके अर्धा तास गुंडाळून ठेवले की सुटतात. दुसरी गोष्ट, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, एकानंतर दुसरेही लगेच टाकू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. कामाला येणाऱ्या बाईंना हे सांगितले आहे का ते आठवून पाहा. बाटल्या आपण आणतो आणि वाफ मात्र त्यांच्या नाकात जाते.

कित्येक घरांत दुसरे एक लहान शौचकूप असते, आणि पाहुण्यांसाठी म्हणून ते वर्षभर बंद असते. आत जुन्या बादल्या, फुटका चौरंग, गणपतीचे मखर. पाहुणे येण्याच्या दिवशी ते उघडले की भपकारा येतो आणि आपण उदबत्ती लावतो. तो वास घाणीचा नसतो, वाळलेल्या पाण्याचा असतो! फरशीखाली जी नहाणी असते तिच्या वळणात नेहमी थोडे पाणी साठून राहते, आणि तेच पाणी गटाराचा वास आणि झुरळे अडवते. महिनाभर वापर नसला की ते आटते आणि वाट मोकळी होते. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतत जा. उदबत्तीचे पैसे वाचतील.

खुंटीची गोष्ट राहिलीच. जुन्या वाड्यांना आपण नावे ठेवतो, आणि ठेवण्यासारखे पुष्कळ होतेही. रात्रीबेरात्री कंदील घेऊन परसात जाणे काही सुखाचे नव्हते. पण पाहुण्याला लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टी त्या भिंतींत घडतानाच घडवलेल्या असत. दाराशी पाय धुवायला पाणी, ओसरीवर टेकायला जागा, भिंतीत ओळीने लाकडी खुंट्या, हाताच्या उंचीला कोनाडा, त्यात दिवा किंवा चष्मा ठेवावा. 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुराने पुण्याचे कितीतरी वाडे नेले, उरलेले पुढच्या वर्षांत बिल्डरांनी नेले, आणि आपण फ्लॅटमध्ये आलो. फ्लॅटने नळ घरात आणला, संडास घरात आणला, ही लहान गोष्ट नव्हे. पण भिंती गुळगुळीत झाल्या. मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांत तर पाहुणा म्हणजे गॅलरीत अंथरूण; तरीही त्याच्या शर्टाला खिळा आणि पिशवीला माळा ठरलेला असे. आमच्या सातशे चौरस फुटांत तेवढेही नव्हते. दिवाणाच्या बाजूला मी आता चार खुंट्यांची पट्टी ठोकली आहे, खाली एक बुटके बाक. त्यावर पिशवी राहते, आणि दारात ठेवले की चपला-बूट काढायला बसताही येते. फ्लॅटच्या दारात एका पायावर नाचत बूट काढणारे वयस्क पाहुणे पाहिले की माझा जीव वर-खाली होतो.

अंथरुणांचे थोडक्यात सांगते. माळ्यावरच्या गाद्या पाहुणे येण्याच्या दिवशी उतरवू नका. डांबराच्या गोळ्यांच्या वासात झोप येत नाही. ऑक्टोबरचे ऊन फुकट आहे. दोन दिवस दोन्ही बाजूंनी द्या. उशी एकाऐवजी दोन ठेवा, कोणाला उंच लागते, कोणाला सपाट. आणि उशाशी फोन चार्ज करण्यापुरता प्लग मोकळा हवा. हल्लीचा पाहुणा पाण्याआधी तो विचारतो.

या साऱ्याला खर्च किती आला? पडदे, अभ्रे आणि रंगकाम मिळून 2023 मध्ये जेवढे लागले होते त्याच्या निम्म्याहून कमी, आणि त्यातलाही मोठा वाटा गीझर हलवण्याचा. पायरी, दांडे, कुलूप, दिवे हे धरले तर एका बऱ्या साडीची किंमत. मी ती साडी घेतली नाही. यांना वाटते, याचा मी फार वेळा उल्लेख करते.

2024 च्या दिवाळीला आत्या येईनात. मांजर, गुडघे, गाडीची गर्दी, सगळी कारणे सांगून झाली. मग मामंजींनी स्वतः फोन घेतला आणि पडद्यांचे, फराळाचे काही न बोलता एवढेच म्हणाले, “अक्का, मोरीची पायरी बदललीय. रात्री दिवा असतो.” पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग आत्यांनी विचारले, “धरायला काही आहे का?”

वसुबारसेला आल्या. पहिल्या दिवशी मी काही न बोलता लक्ष ठेवून होते. संध्याकाळी सहा वाजता चहाचा ट्रे आणला, त्यांनी कप उचलला, बशीत ओतून प्यायल्या आणि म्हणाल्या, “अर्धा कप अजून आहे का गं?” मी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा आधण ठेवले आणि तिथेच जरा उभी राहिले.

तुळशीचे लग्न लागले, मंगलाष्टके आत्यांनीच म्हटली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना बाकावर बसून चप्पल घालता घालता त्यांनी बैठकीकडे एकदा नीट पाहिले. म्हणाल्या, “पडदे नवीन केलेस वाटतं?”

वर्ष झाले होते त्यांना.